खांब ऐकतो तेव्हा

२ फेब्रुवारी

अकरावा पाणटिवळा आज झाला. यंत्रं संपली, म्हणजे माझं बांधणंही संपलं. सुटले.

हा पक्षी हातात घेतला की कळतं, तो बहुतेक पाय आणि चोचच आहे. मधे जे ऊबदार असतं ते मूठभर. त्याच्या दोन्ही मांड्यांभोवती मऊ दोरीचा एकेक वेढा घ्यायचा आणि कमरेवर कोटाच्या बटणाएवढं यंत्र बसवायचं. आमच्या केंद्राचे सर त्याला वेढा म्हणतात. मला मनात दर वेळी 'फास' असंच ऐकू येतं. ढील किती ठेवायची, तर काडेपेटीची एक काडी आत सरकली पाहिजे, दुसरी सरकता कामा नये. मी काडी दोनदा घालून बघते. आज तिसऱ्यांदा बघायला गेले तर या अकरावीने माझ्या करंगळीत चोच खुपसली. तिच्या पायात पिवळं कडं घातलंय. बाकीच्यांना वेगवेगळ्या रंगांची आहेत. पक्ष्यांना नावं ठेवायची पद्धत नाही, क्रमांक असतात. पण दैनंदिनीत कोण बघतंय? हिचं नाव टोचणी.

संध्याकाळी घरी फोन केला. आईने विचारलं, "पाखराला काचत नाही ना गं?"

"नाही काचत. काडीएवढी ढील ठेवते."

"बघ हो. मुक्या जिवाला सांगता येत नाही."

झालं. रात्रभर आता तेच डोक्यात.

९ मार्च

आज माझ्या हाताने मोठं काम झालं, म्हणून नीट लिहून ठेवते.

पाणथळीच्या मधोमध आमचा एक लोखंडी खांब आहे. त्याच्या डोक्यावर बिनतारी संदेश ऐकणारी पेटी. पक्ष्यांच्या कमरेवरची यंत्रं सध्या तासातासाला या खांबाला हाक मारतात आणि आपण कुठे फिरलो ते सांगून टाकतात. पण हे पक्षी आता उत्तरेला जाणार ते थेट शरद ऋतूत परतणार. तोवर बॅटरी पुरायला हवी. म्हणून एक एप्रिलपासून यंत्रं दिवसातून एकदाच, सकाळी, हाक मारतील. खांबही तेवढाच वेळ जागा राहील आणि बाकी दिवस झोपेल, कारण त्याची सौर पाटी लहान आहे. पक्षी परत आला, सकाळी एक हाक दिली, की त्याचा अख्खा प्रवास आमच्या हातात.

हे नवं वेळापत्रक यंत्रांना पाठवायचं काम सरांनी मला दिलं. यंत्रांतलं घड्याळ ती जिथे बनली त्या देशाच्या वेळेवर चालतं आणि ती वेळ आमच्या भिंतीवरच्या घड्याळाच्या काही तास पुढे आहे. हे मला माहीत होतं. म्हणून सकाळची वेळ भरताना तेवढे तास मी मिळवले. आधी बोटांवर, मग कागदावर, मग परत बोटांवर. तिन्ही वेळा उत्तर एकच.

तारताई दारातून डोकावली. खांब, पेट्या, संगणक हे सगळं तीच बघते. तिच्या खिशात कायम तारेचे तुकडे असतात, म्हणून हे नाव. "झालं का गं? त्यात काय एवढं? आपली वेळ टाकायची नि सोडून द्यायचं."

"तपासते एकदा."

"तू तपासणारच. देवाने तुला दोन डोळे दिले ते एकमेकांचं काम तपासायला."

अकराही यंत्रांकडून 'मिळालं' असं उत्तर आलं. मग चहा प्यायले. 

२१ मार्च

गेले. सकाळी पाणथळीत नुसता चिखल आणि आकाश. काल इथे एवढा कलकलाट होता. सर म्हणाले, "आता सहा महिने आपण सगळे बेकार." ते कपाटं आवरायला लागले. मला मात्र लेक सासरी पाठवून आल्यासारखं वाटतंय, आणि अकरा लेकी एकदम.

१७ जून

काही नाही. लिहायचं नव्हतं, पण आज धाकटी फोनवर म्हणाली, "ताई, तू एवढं तपासत का बसतेस? वेड लागेल."

तिला काय सांगू? तिच्या वेळेला मी होते. माझ्या वेळेला कुणी नव्हतं. आई माझी वही घेऊन बसायची आणि ओळी सरळ आहेत का बघायची. तेवढंच तिला कळत होतं, आणि तेवढं ती अगदी मन लावून बघायची. बाबा मार्केटातून दमून यायचे नि पाठीवर थाप मारून म्हणायचे, "बरोबरच असणार." ते चुकीचं असलं तरी बरोबरच. चूक सांगणारं घरात कुणी नाही, मग मीच आधी विद्यार्थिनी व्हायचे आणि मग मास्तरीण. ती सवय जाता जात नाही.

४ सप्टेंबर

आले! पहिला थवा. चाळीसेक असतील. चिखलात चोची खुपसून असे चरताहेत जणू गेलेच नव्हते. तारताईने शिट्टी मारली. खांबाने मात्र सकाळी काहीच ऐकलं नाही. सर म्हणाले, पहिल्या थव्यात आपला कुणी नसेल.

१२ सप्टेंबर

दुसरा थवा आणि तिसरा. खांब गप्प.

१९ सप्टेंबर

तारताई सकाळी, खांब जागा असताना, कपाटातलं चाचणीचं यंत्र घेऊन पाणथळीच्या पार टोकाला गेली. तिथून खांबाला हाक दिली, खांबाने लगेच ऐकली. मग ती शिडी लावून वर चढली, पेटी उघडली, तारा हलवून बघितल्या. उतरल्यावर हात पुसत राहिली, बराच वेळ.

"खांब ठणठणीत आहे," ती म्हणाली.

मला तो बिघडलेला हवा होता. लोखंडाचं दुखणं परवडलं असतं.

२४ सप्टेंबर

आज सर मला आणि तारताईला घेऊन बसले. ते आवाज चढवत नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटते.

"वाटेत दोन-तीन जातातच. वादळं असतात, ससाणे असतात. पण अकरा गेले आणि अकराही आले नाहीत, असं होत नाही. बाकी थवा तर आलाय. मग कारण एकच उरतं."

 ते नाव मीच घेतलं. "बांधणी."

"बांधणी मी शिकवली," सर म्हणाले. "तू फक्त बांधलीस. आणखी पाच केंद्रांवर हीच पद्धत चालते. त्यांना थांबवावं लागेल. महिनाअखेरपर्यंत वाट बघू, मग मी त्यांना कळवतो. इथलंही हे काम बंद."

बाहेर आल्यावर तारताईने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिच्या खिशातल्या तारा मला दंडाला टोचत होत्या, पण मी हलले नाही.

काडी तर सरकत होती. प्रत्येकीला सरकत होती. की मी एवढ्या वेळा बघून बघून दोरी ओढली गेली? उत्तरेला पक्षी भरपूर खातात, अंगाने भरतात. मग काडीएवढी ढील कुठे पुरणार? अकरा जीव. मला आता कुठलाच पक्षी हातात धरवणार नाही. सरांनी काम चालू ठेवलं तरी मी बांधणार नाही, हे ठरलं.

२७ सप्टेंबर

एक गोष्ट लिहू की नको, कळत नाही.

दुपारी दुर्बीण लावून बसले होते. ओढा वळतो तिथे, पोटापर्यंतच्या पाण्यात एक पाणटिवळी उभी होती. एकटीच. ती क्षणभर पाय उचलून उभी राहिली आणि मला पिवळं दिसलं. पाय खाली गेला. परत वर आला नाही. मग ऊन पाण्यावर आलं आणि सगळंच पिवळं झालं.

केंद्राच्या नोंदीत मी हे लिहिलं नाही. खात्री नाही. आणि ती टोचणी असती तर सकाळी खांबाने ऐकलंच असतं. मन जे मागतं ते डोळा दाखवतो, एवढंच. सरांना सांगून त्यांची उगाच आशा लावायची नाही. तारताईला सांगितलं असतं, पण तीही हल्ली लाल डोळ्यांनी येते. विचारलं तर म्हणते धूळ गेली. एवढ्या चिखलात धूळ कुठली?

२८ सप्टेंबर

घरी आले. सुट्टी सरांनीच दिली, मी मागितली नव्हती. "दोन दिवस जा, आईच्या हातचं खा," म्हणाले.

आईने दारातच विचारलं, "आली का गं पाखरं?"

"नाही."

"येतील. वाट लांबची आहे." आणि लगेच माझ्या हातातली पिशवी घेतली.  बाबांनी जेवताना माझ्या ताटात त्यांच्या वाटचं वाढलं.

धाकटीची उद्या परीक्षा आहे. तिच्यासाठी सगळं घर पायाच्या बोटांवर चालतंय.

२९ सप्टेंबर

 क्रमाने लिहायचंय, घाई नको.

सकाळी धाकटी परीक्षेला गेली. दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो, तेव्हा परतली ती चिडूनच. दप्तर कोपऱ्यात.

"कोणी घड्याळ पुढे केलं?"

स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं घड्याळ. माझ्या शाळेच्या वेळीही बाबा ते दहा मिनिटं पुढे करायचे, माझी बस चुकू नये म्हणून. आमच्याकडे ती रीतच आहे.

"मी गेले तर फाटकाला कुलूप! अंधुक उजेड, एक कुत्रं आणि मी. शिपाई आला तर मला म्हणतो, झाडायला आलीस का पोरी?"

बाबा हसू दाबत म्हणाले, "मी जरा पुढे केलं होतं. परीक्षा म्हणून."

आईने पातेलं खाली ठेवलं. "तुम्ही केलंत? मग मी कशाला केलं? मी म्हटलं, तुम्हाला कुठे आठवतंय."

"म्हणजे तूही?"

"मीही म्हणजे? मी आईच आहे तिची."

 धाकटी हळूच म्हणाली, "मीही केलं होतं. झोपायच्या आधी."

आणि असा हशा पिकला की शेजारची काकू खिडकीतून बघायला आली. बाबांच्या डोळ्यांतून पाणी. आई पदर तोंडाला लावून म्हणत होती, "अगं, मला काय माहीत, प्रत्येकाने वेगळी काळजी केली ती!" मीही हसत होते. कित्येक दिवसांनी हसत होते.

आणि हसता हसता माझा घास तोंडातच राहिला.

'आपली वेळ टाकायची नि सोडून द्यायचं.' तारताई दारात उभी होती. आपली वेळ. म्हणजे भिंतीवरची. म्हणजे त्या देशाच्या वेळेचा फरक ते संगणकातलं साधन आपणहून मिळवतं. आणि मीही मिळवला होता. बोटांवर, कागदावर, परत बोटांवर. माझं गणित बरोबरच होतं. फक्त ते आधीच कुणीतरी केलेलं होतं.

उष्ट्या हातानेच तारताईला फोन लावला. सांगितलं. 

"अगं बये," ती म्हणाली. "म्हणजे ती दुपारी हाक मारत असतील. भर दुपारी. आणि खांब तेव्हा घोरतोय."

"असतील," मी म्हटलं. "जिवंत असतील तर."

"तू निघ. मी सरांना काही बोलत नाही, तूच बोल."

आई पिशवी भरत होती. तिला काही कळलं नव्हतं, पण ती भरत होती. "काय झालं गं? वाईट झालं का?"

"माहीत नाही, आई. मी घड्याळ पुढे केलं होतं."

"मग काय झालं? आम्हीही केलं."

३० सप्टेंबर

सकाळी उजाडल्याबरोबर सरांसमोर उभी राहिले. बोलताना अडखळले नाही, याचंच नवल वाटतं. पत्रं टेबलावर तयार होती, पाच केंद्रांची पाच. त्यांनी ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, घातला.

"आपण आत्ता काही आनंद मानायचा नाही," ते म्हणाले. "आत्ता फक्त खांब जागा करायचा."

तारताईने वर चढून पेटीला जास्तीची बॅटरी जोडली. मग आम्ही तिघं खांबाखालच्या फळीवर बसलो, गुडघ्यांवर संगणक. दुपार चढायला लागली. दूर पाणटिवळे चरत होते, सगळे सारखे. सर आठवण काढत होते की त्यांच्या पहिल्या वर्षी त्यांनी खांबच उलटा रोवला होता. ते खोटं होतं. खांब उलटा रोवताच येत नाही. माझ्यासाठी सांगत होते.

पडदा कोरा. तारताई नखं खात होती. मी तिसऱ्यांदा हिशेब करायला बोटं उघडली, तर तिने माझी मूठ धरून ठेवली.

आणि एक ओळ उमटली. आवाज नाही, काही नाही. नुसती एक ओळ, क्रमांक चार. तिच्याखाली दुसरी, क्रमांक नऊ. मग थोडा वेळ काहीच नाही, आणि मग भराभर चार, एकामागून एक, जशा शाळेत हजेरीला उशिरा आलेल्या मुली एकदम आत शिरतात.

शेवटची ओळ अकराची होती. टोचणी.

सर उठायला गेले आणि चिखलात बसले. पँटसकट. "राहू दे," म्हणाले, "इथेच बरं आहे." तारताई खांबाला डोकं टेकून उभी होती. धूळ गेली असणार.

मी रडले नाही. मला फक्त खूप भूक लागली.

३ ऑक्टोबर

आठ झाल्या. तिघींची हाक अजून नाही. सर म्हणतात, वाटेत तेवढ्या जातात. ते मला पटतं आणि नाहीही पटत. मी रोज दुपारी त्या तिघींची वाट बघते आणि बघत राहीन. पण अकरा वेगळं आणि तीन वेगळं. अकरांमुळे मला झोप लागत नव्हती. तिघींचं वाईट वाटतं, पण झोप लागते.

पाच पत्रं सरांनी फाडली. तुकडे माझ्या हातात दिले, म्हणाले, "टाक, तुझ्या हाताने."

आज टोचणीचा प्रवास उघडून बसलो. उत्तरेत जून महिनाभर ती एका तळ्याकाठी एकाच जागी होती. अंडी उबवली असणार. पाय दुमडून, वेढे बांधलेल्या मांड्यांवर बसून. मला ते पुन्हा पुन्हा बघावंसं वाटलं. मग सप्टेंबरचे ठिपके आले. २७ तारीख, दुपार, ओढा वळतो ती जागा.

मी तोंडावर हात ठेवला. सरांनी विचारलं, "काय झालं?"

"मी बघितलं होतं हिला. त्या दिवशी. कडं दिसलं होतं."

"मग नोंद कुठे आहे?"

"खात्री नव्हती."

"दुर्बिणीतून पिवळं कडं बघितलंस, आणि खात्री नव्हती?"

"खांबाने ऐकलं नव्हतं ना, सर."

 सरांनी नोंदींची वही काढली, २७ तारखेचं पान उघडलं आणि स्वतःचं पेन माझ्यापुढे धरलं. तारताई म्हणाली, "लिही बाई. खांबापेक्षा तुझं डोकं उंच आहे, फक्त तू वाकून चालतेस."

लिहिलं. एकदाच वाचलं.

६ ऑक्टोबर

टोचणी काठाजवळ आली होती. दुर्बिणीतून अगदी जवळ दिसली. कमरेवरची पिसं नीट बसलेली, कुठे झिजलं नाही, कुठे उघडं नाही. यंत्राची बारीक तार पिसांतून मागे लोंबतेय, शेपटीचं एक जास्तीचं पीस असावं तशी. पाठ फिरवून पंख झटकले आणि चरायला लागली.

आईला फोन केला. "काचलं नाही, आई."

"हो ना?" ती म्हणाली, आणि मग तिने इतका लांब श्वास सोडला की मला कळलं, फेब्रुवारीपासून तो तिने धरून ठेवला होता.

८ ऑक्टोबर

आज यंत्रांना बरोबर वेळ पाठवली. भिंतीवरची. ती टाकली, आणि हात आपोआप परत तपासायला गेला. तारताईने माझी खुर्ची माझ्यासकट मागे ओढली. "उठ. चहा."

"एकदाच बघते."

"एकदा बघितलंस. मी बघितलंय. आता तिसऱ्याने बघितलं की घोटाळा होतो, हे तुझ्याच घरचं शास्त्र."

सरांनी विचारलं, पुढच्या मोसमात बांधणार का. मी हो म्हटलं. इतक्या पटकन म्हटलं की नंतर घाबरले, पण शब्द मागे घेतला नाही.

९ ऑक्टोबर

सकाळी खांबाने आठही जणींना ऐकलं. वेळेवर.

नंतर घरून फोन. धाकटी हसून हसून बोलूच शकत नव्हती, म्हणून बाबांनी घेतला. परीक्षा संपली, म्हणून घड्याळ परत ठिकाणावर आणायचं ठरलं. तर बाबांनी ते मागे केलं. आईने मागे केलं. धाकटीनेही केलं. आणि प्रत्येकाने आपलीच नव्हे, तिघांचीही मिनिटं हिशेबात धरून केलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? आयुष्यात पहिल्यांदा मी मार्केटात उशिरा पोहोचलो. निम्मा माल उतरून झाला होता."

 "काय म्हणाले ते?"

"म्हणाले, ये, चहा घे." बाबा थांबले. त्यांनाच त्याचं आश्चर्य वाटत असावं. "एवढी वर्षं मी उगाच पळत होतो गं. काही बुडत नाही."

मागून आईचा आवाज आला, "तिला सांगा, आता घड्याळाला हात कोण लावणार ते ठरवून टाक. आमचं काही एकमत होत नाही."

मी म्हटलं, कुणीच लावू नका, मी रविवारी येते.